धुवून ये

"हात दाखवा."

गेली चौदा वर्षं रोज सकाळी मी हे म्हणत आले आहे. आधी माझ्याच शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला. गेली पाच वर्षं मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अंगाला असलेल्या एका गावात. शाळा आठवीपर्यंत आहे आणि वरच्या वर्गांना मी विज्ञान शिकवते. प्रार्थना झाली की सहावी ते आठवीची पोरं रांगेत हात पुढे करतात, आधी तळवे, मग पालथे, आणि मी नखं बघत फिरते. काळं दिसलं की माझं वाक्य ठरलेलं: "धुवून ये." चौदा वर्षांत एकाही पोराने मला उलटून विचारलं नाही, की बाई, कुठे?

विचारायला हवं होतं. माझी बोलती बंद झाली असती.

शाळेच्या दर्शनी भिंतीला हात धुण्याचा ओटा आहे. आठ नळ, निळ्या फरशा, वर हसणाऱ्या थेंबाचं चित्र. एका संस्थेने तो बांधून दिला. उद्घाटनाच्या दिवशी नळांना पाणी होतं, कारण त्या दिवशी टँकर मागवला होता. मग वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर जळाली, दुरुस्तीला नेली, आणि ती अजून दुरुस्तच होते आहे. पोरांनी काही दिवस नळ पिळून पाहिले आणि सोडून दिले. आता ओट्यावर दप्तरं ठेवतात. खरं पाणी शाळेच्या मागे, हातपंपाला. सकाळी पहिलं पाणी गंजाने लाल येतं, बराच वेळ हापसल्यावर जरा निवळतं. आणि हातपंपावर एकट्याला हात धुताच येत नाहीत. एकाने हापसायचं तेव्हा दुसऱ्याचे हात धुऊन होतात.

साबण हेडसरांच्या कपाटात, कुलपात. "बाहेर ठेवला की पोरं संपवतात," असं त्यांचं म्हणणं. साबण संपण्यासाठीच असतो, असं मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला वरती उत्तरं द्यावी लागत नाहीत." त्याच कपाटात कोरोनाच्या वेळच्या सॅनिटायझरच्या बाटल्या आहेत, मुदत संपलेल्या, ओळीने लावलेल्या. त्यांच्यावरची धूळ मात्र कोणी कधी पुसत नाही.

पोरं काय साधी आहेत असं मी म्हणत नाही. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा साबण हाताला कमी आणि केसांना जास्त लावतो, कारण त्याला भांग बसवायचा असतो. खिचडीच्या आधी बोटांची टोकं ओली करायची आणि पँटला पुसायची, की झाले हात धुऊन. मुली नीट धुतात, पण घंटा झाली की पंपावर आधी मुलगे तुटून पडतात, आणि मुलींची पाळी येईपर्यंत वाढून झालेलं असतं. मग त्या तशाच ताटावर बसतात. शौचालयात बादली आहे, पाणी नाही. मोठ्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे जायला नको. हे सगळ्यांना माहीत आहे. हेडसरांना माहीत आहे, मला माहीत आहे, तपासणीला येणाऱ्यांना माहीत आहे. आणि तरी आम्ही रोज सकाळी त्यांची नखं तपासतो. माझं डोकं फिरतं ते इथे.

मागच्या वर्षी आम्हाला तालुक्याला हात धुण्याच्या प्रशिक्षणाला बोलावलं. सात पायऱ्या. तळव्यावर तळवा, बोटांत बोटं, अंगठा मुठीत धरून फिरवायचा, नखं तळहातावर घासायची, असं सगळं. पडद्यावर चित्रं दाखवली. दुपारी जेवायला उठलो तर बेसिनवर साबण नव्हता. आम्ही सगळे शिक्षक तसेच जेवलो, कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

त्या सात पायऱ्या मी शाळेत येऊन शिकवल्या, आणि एका मुलीने त्या पहिल्या झटक्यात उचलल्या. आठवीतली, सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीवरून तासभर चालत येणारी. वर्गात ती फारसं बोलायची नाही. पण हात हलवायला लागली की बघत राहावं अशी. मधल्या सुट्टीत पहिली-दुसरीच्या पोरांना ओळीत बसवायची आणि शिकवायची. कोरडंच, पाणी कुठे होतं! छोट्यांना तो नाचाचाच प्रकार वाटायचा. "अंगठा राहिला गो तुजा," असं ती एकेकीला दटावायची.

मार्चमध्ये निरोप आला की ओटा बांधून देणाऱ्या संस्थेचे पाहुणे बुधवारी येणार, सोबत अधिकारी येणार, मुलांनी हात धुण्याचं प्रात्यक्षिक दाखवायचं. मी क्षणभरही विचार केला नाही. तिने मला व्हरांड्यात गाठून विचारलं, "बाई, पुढं मीच ना?"

"तूच."

"आयला बोलवू? ती कधी शाळेत आली नाय."

"बोलव ना," मी म्हटलं. तिच्या आईने शाळेची पायरी चढण्यासारखं आमच्याकडे आजवर काही घडलंच नव्हतं, तेव्हा मलाही बरं वाटलं.

सोमवारी रांगेत तिने हात पुढे केले. काळे. नुसती नखं नव्हेत. बोटांच्या कडा, पेरं, तळहातावरच्या रेषा, सगळीकडे काळं मुरलेलं. रविवारच्या एका सुट्टीत या पोरीने केलं तरी काय!

"हे काय आहे?"

"हिरडा हाय बाई. सुट्टीत हिरडा काढला. त्यो निघत नाय."

"न निघायला काय झालं? साबणाने सगळं निघतं. धुवून ये."

मी स्वतः जाऊन कपाटातून साबण काढून आणला, हेडसरांशी वाद घालून. त्याचा मला अभिमानही वाटला, हे आठवलं की आता लाज वाटते. ती पंपावर गेली, मैत्रिणीने हापसलं, ती धुवून आली. हात आणखी काळे. मी परत पाठवलं. परत आली, तसेच. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "नीट घास, आळस करू नकोस. सात पायऱ्या दुसऱ्यांना शिकवतेस ना?" मागून मुलं हसली. चौथ्यांदा ती आली तेव्हा पालथे हात घासून लाल झाले होते आणि तळव्यांवरचं काळं शाबूत होतं. "उद्या आणखी बघू," असं म्हणून मी फळ्याकडे वळले. हिरडा असा शब्द तिने उच्चारला होता. मी विज्ञान शिकवते. मला तो ऐकूच आला नाही, कारण मला साबणाबद्दल सगळं माहीत होतं.

मंगळवारी काही फरक पडला नाही. बुधवारी सकाळी हेडसर रांगेपाशी आले आणि तिचे हात बघून थबकले. "हिला पुढे उभी करणार? हात धुवायला शिकवणारीचे हात हे असे? फोटोत काय दिसेल?"

मी गप्प राहिले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वर मी तिला म्हणाले, "तू आज पाणी आण. टाकी भरायची आहे. मोठी आहेस ना."

मोटर नव्हती, तेव्हा टाकी हंड्यांनीच भरायची होती. पंपावरून हंडा भरून आणायचा, शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यायचा, त्याने वर ओतायचा. आठवीच्या चार मुली सकाळपासून हे करत होत्या. ती पाचवी. तिच्या जागी सातवीतली एक मुलगी उभी केली, जिला पायऱ्या धड येत नव्हत्या, पण जिचे हात गोरे होते.

पाहुणे आले. हार झाले. नवीन साबण आठही नळांवर ठेवले होते. पोरांनी हात फेसाळले, नळ सोडले, आणि पाणी आलं. टाळ्या पडल्या. एक बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मुलांच्या सवयी बदलल्यात हं!" तेव्हा ती भिंतीच्या मागून पुढचा हंडा घेऊन निघाली होती, कारण आठ नळ एकदम सोडले की टाकी भराभरा उतरते. फोटोतल्या त्या सगळ्या स्वच्छ हातांवर जे पाणी पडत होतं, ते तिच्या काळ्या हातांनी आणलेलं होतं.

आणि फाटकाशी एक बाई उभी होती. घडीची साडी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. कोणाची तरी आई असेल, असं वाटून मी तिच्याकडे बघून हसलेही. ती बघत होती ओट्याकडे नाही, शिडीकडे. मुलीने हंडा शिडीवरच्या माणसाला दिला, मागे वळली आणि आईला पाहून जागीच उभी राहिली. मग दप्तर उचललं आणि दोघी निघून गेल्या. पाहुण्यांचं भाषण चालू होतं. मी त्यांच्या मागे गेले नाही.

संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर फोटो आले. खाली अंगठ्यांची रांग लागली. मी फोन पालथा घालून ठेवला.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. तिच्या वाडीवरच्या दुसऱ्या मुलीला मी विचारलं. ती चप्पल घासत म्हणाली, "ती आता येनार नाय बाई. तिची मामी तिला कल्यानला नेनार हाय. मामी कामाला जाते ना तितं. भांडी घासायला एक पोरगी पायजेल म्हने."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणावर? आधी मामीवर, मग आईवर, मग हेडसरांवर. हेडसरांना सांगितलं तर ते म्हणाले, "आठवी झालीच आहे, मॅडम. नाव पटावर ठेवू." नाव पटावर! पोरगी कल्याणला कोणाच्या मोरीत बसून भांडी घासणार आणि आमच्या हजेरीपटावर तिचं नाव सुवाच्य अक्षरात राहणार. मी खुर्ची ढकलून बाहेर आले. घरी पोहोचेपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. मग जेवायला बसताना हात धुतले, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की तिला पाणी आणायला हेडसरांनी नव्हतं पाठवलं. मी पाठवलं होतं.

रविवारी जीपने रस्ता संपेपर्यंत गेले आणि पुढे चालत. वाडी जवळ आली तसा एक उग्र, तुरट वास यायला लागला. घरोघरी अंगणात हिरवा हिरडा वाळत घातलेला. तिच्या अंगणात ती विळा पायाखाली धरून बसली होती आणि हिरड्याचे देठ त्याच्यावर काढत होती. मला पाहिलं आणि मान खाली घातली. आई घरातून आली. तीच, फाटकावरची. तिने या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. आत गेली, तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "आधी हातपाय धुवा."

मी हात पुढे केले. ती पाणी ओतत राहिली, बारीक धार, मी धुवेपर्यंत न थांबता. एक थेंब वाया गेला नाही. शेजारचा एक म्हातारा रानातून आला, त्यालाही तिने तसंच पाणी ओतलं. त्या घरात हात धुतल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नव्हतं, आणि एकाचे हात धुवायला दुसरा उभा राहत होता. आम्ही यांच्या पोरांना सवयी लावायला निघालो होतो.

मग ती बोलली. "बाई, माजी पोरगी आठ दिस रातीचं जेवान झालं की हात चोळीत बसायची, पान्याबिगर. मी हसायची तिला. बोलली, आये तू येच बघायला. मी साडी नेसून आली. तं पोरगी हंडा व्हाते. हंडा तं ती घरी पन व्हाते. त्याच्यासाठी शाळा कशाला?"

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"मना काय सांगता? तिला सांगा."

मी तिच्यासमोर जाऊन सांगितलं. चुकलं, मी तुला पुढे उभं करायला हवं होतं, असं सगळं. तिने मान वर केली नाही. देठ काढत राहिली.

काय करावं ते कळेना. मग मी खाली बसले, दुसरा विळा पुढे ओढला आणि देठ काढायला लागले. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, हात खराब होतील." मी म्हटलं, होऊ देत. पहिल्यांदा बोटं नुसती चिकट झाली. मग पिवळट. मग विळ्याच्या पात्याला लागून लागून काळी. तासाभरात माझे हात तिच्या सोमवारच्या हातांसारखे झाले होते, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिरड्याच्या रसाला लोखंड लागलं की तो काळा पडतो. पूर्वी शाई यातूनच करायचे, हे मी पोरांना वर्गात सांगितलेलं आहे, याच तोंडाने. आणि आमच्या पंपाचं पाणी गंजाचं. त्यात साबण. मी तिला चार वेळा धुवायला पाठवलं आणि चारही वेळा तिचे हात आणखी काळे केले. पेनची शाई पोरांच्या बोटांना लागते तेव्हा आम्ही कोणाला धुवून ये म्हणत नाही. अभ्यासू पोर आहे म्हणतो.

इतका राग मला स्वतःचा क्वचितच आला असेल. विळ्यावर जरा जास्तच जोर दिला तशी आई म्हणाली, "बोट कापाल, बाई." मग तिने सांगितलं, "चिंचंनं चोळला तं जरा निघतो. पन रोज कोन चोळील? उद्या परत हिरडाच." ती चिंच आणायला आत वळली, तेवढ्यात खालून जीपचा हॉर्न वाजला. शेवटची खेप होती. मी तशीच उठले.

जाताना मुलीला विचारलं, "उद्या येशील ना?" आईच म्हणाली, "मामी मंगळवारी येनार."

मुरबाडला खोलीवर येऊन मी हात धुतले. साबणाने, घासणीने, मग रागारागाने. काही निघालं नाही. चिंच घरात होती. ती घ्यायचं मला सुचलं नाही, की घ्यावीशी वाटली नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

सोमवारी प्रार्थनेला मी मुद्दाम वर पाहिलं नाही. प्रतिज्ञा झाली तेव्हा पाहिलं. आठवीच्या रांगेत ती शेवटी उभी होती, गणवेशात, पाठीला दप्तर. मामी मंगळवारी आली आणि एकटीच परत गेली, हे पुढचं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की सगळ्यांनी सवयीने हात पुढे केले आहेत आणि तिचे मागे आहेत. मी रांगेतून चालत तिच्यापर्यंत गेले.

"बाई," ती म्हणाली, "आधी तुमचं दाखवा."

व्हरांड्यात हेडसरांनी फोनमधून मान वर केली. मी हात पुढे केले. आधी तळवे, मग पालथे.

तिने घाई केली नाही. वाकून एकेक नख पाहिलं. माझा अंगठा धरून उलटा केला, मी करते तसा. मग मागे सरकून, अगदी माझ्याच आवाजात म्हणाली, "धुवून या."

"कुठे?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ओट्याकडे, त्या आठ नळांकडे. दप्तर काढून खाली ठेवलं, शाळेच्या मागे गेली आणि हातपंपाचा दांडा धरून उभी राहिली. मी तिच्या मागून गेले आणि हात पुढे केले. ती हापसायला लागली. पहिलं पाणी लालच आलं.